शुगर किती निघाली?

नागपुरात बिनसाखरेचा चहा मागायची सोय राहिलेली नाही. परवा सकाळी प्रतापनगरातल्या एका टपरीवर मी इतकंच म्हटलं, "भाऊ, एक बिनसाखरेचा," आणि माझ्या रक्ताची जाहीर सुनावणी सुरू झाली.

सुनावणी घेणारे काका बाकावर बसले होते. माकडटोपी, तिच्यावरून मफलर, एका हातात चहा, दुसऱ्यात खारी. बुडवलेली खारी मोडून पडायच्या आत तोंडात पोचवण्याचं त्यांचं कसब बघण्यासारखं होतं. माझी ऑर्डर ऐकून ते मध्येच थांबलं.

"किती निघाली?"

"काय किती?"

"शुगर."

"शुगर नाही मला."

"पयले पयले सगळे असंच म्हनते." तेवढ्यात खारी चहात पडली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तिची भरपाईही मीच द्यायची. "जेवनाआधीची पाह्यली का नंतरची?"

"तपासलीच नाही, काका."

"तपासली नाई, तं मंग नाई हे कायच्यावरून म्हनता जी?"

याला उत्तर नव्हतं. आजही नाही. मी सरळ खरं काय ते सांगून टाकलं, "नवीन वर्षाचा संकल्प आहे. चहातली साखर बंद."

"हाव का!" काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "कोन्या महाराजाचा?"

"महाराज नाहीत. माझा मीच केलाय."

"बरं. उद्यापन कधी हाय?"

"उद्यापन नाही. कायमचं."

काकांनी सावकाश मान वळवली आणि बाकावरच्या दुसऱ्या गृहस्थांना सांगितलं, "कायमचं म्हनते. म्हंजे चारशेच्या वर असन."

पुढची दहा मिनिटं मी रुग्ण होतो. जांभळाच्या बियांचं चूर्ण, सकाळी अनशापोटी. मेथीचं पाणी. साळ्याची हकीकत, अंगठ्यापासून सुरू होऊन घोट्यापर्यंत पोचलेली. "ते तीन महिन्याची राह्यते ना, ते तपासनी करा. तिच्यात लपवालपवी चालत नाई." मग त्यांनी खाली वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं. "रोज रात्री पायाचे तळवे पाहात जा. जखम झाली तं कळत नाई." यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टरही सांगतात, त्यामुळे धड हसताही येईना. चहा हातात आला तेव्हा टपरीवाला आपलेपणानं म्हणाला, "अर्धाच चमचा टाकली जी. एकदम बंद केली तं कडू लागते." पैसे पूर्ण घेतले. संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या ले-आउटभर झाली आणि एका घरून कारली आली. कारली चांगली होती, पण प्रश्न कारल्यांचा नाही.

प्रश्न असा की, मी तिथे नुसतं "नेम आहे" म्हटलं असतं, तर काकांनी हात जोडले असते. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने लोक कांदा सोडतात, लसूण सोडतात, वांगं सोडतात. कुणी विचारत नाही की बाई, पित्त किती निघालं? उलट स्वयंपाकघर तिच्या नेमाप्रमाणे चालतं. चातुर्मास सुरू व्हायच्या दोनच दिवस आधी कांदेनवमी येते, म्हणजे घरातला कांदा भज्यांत घालून संपवून टाकायची अधिकृत तारीख. मोहाचा माल नेम लागायच्या आधी घराबाहेर काढायचा, हे शहाणपण आपल्या पंचांगात आहे. ३१ डिसेंबरला मात्र आपण घरात केक आणतो, रात्री बाराला कापतो, आणि उरलेला अर्धा फ्रिजमध्ये ठेवून १ जानेवारीच्या सकाळी गोड सोडतो. तो अर्धा केक कुठे जाणार?

व्रतांची बांधणी एकदा नीट पाहावी. सोळा सोमवार म्हणजे वार ठरलेला, आकडा ठरलेला, सतराव्या सोमवारी उद्यापन. काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी प्रत्येक आजीला पाठ. साध्या उपवासाला भगर चालते, गहू चालत नाही. पूजेत संकल्प सांगताना गुरुजी संवत्सर, अयन, ऋतू, महिना, तिथी, वार, नक्षत्र सगळं घेतात, आणि आपण गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत तेही. मग नाव, गोत्र, आणि शेवटी काय करणार ते. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये जे मांडलं, ते याहून फार लांब नाही. "मी व्यायाम करीन" असं नुसतं ठरवलं तर ते हवेत जातं. "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी तमुक करीन" असं बांधलं तर हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. आपण मात्र डायरीच्या पहिल्या पानावर "फिट राहणे" असं लिहून खाली दोन रेघा मारतो.

डायरीवरून आठवलं. २१ दिवसांत सवय लागते, हे वाक्य दर जानेवारीत कुणी ना कुणी सुविचार म्हणून पाठवतंच. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लोकांनी त्यातला "किमान" गाळला, चेहराही गाळला, आणि आकडा तेवढा ठेवला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी मोजल्या (२००९), तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाली. सगळ्यात लवकरचा १८ दिवसांत, आणि सगळ्यात चिवट माणसाचा हिशेब २५४ दिवसांवर. म्हणजे १ जानेवारीला सुरुवात केली तर सरासरीचा माणूस ७ मार्चला सुटतो, आणि चिवट माणूस ११ सप्टेंबरला, गणपतीचे मोदक समोर असतात त्या सुमारास. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी पाठवत नाही. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणून दुधाच्या खाड्यांची पद्धत बरी. कॅलेंडरवर दूध आलं त्या दिवशी आपण काही लिहीत नाही, नाही आलं त्या दिवशी फुली. संकल्पालाही तेच करावं. रोज बरोबरची खूण करायला गेलं की पाचव्या दिवशी खूण करायचाच कंटाळा येतो. फुली फक्त चुकल्यावर, आणि नियम एकच: सलग दोन फुल्या नकोत. कॅलेंडर स्वयंपाकघरात असावं, पण फुली कशाची हे लिहू नये. लिहिलं की घरातले सगळे हिशेबनीस होतात.

आता चहाचं. सपाट चमचा साखर साधारण ४ ग्रॅम, शीग लावली तर सहा-सात. दिवसाला चार कप, कपाला दोन सपाट चमचे, म्हणजे ३२ ग्रॅम. महिन्याला जवळजवळ एक किलो, आणि ती नुसती चहातली. जागतिक आरोग्य संघटना (२०१५) म्हणते की वरून घातलेल्या आणि मध, फळांचा रस यांतल्या साखरेतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २००० कॅलरीच्या आहारात ५० ग्रॅम. पाच टक्के जमलं तर आणखी चांगलं, म्हणजे २५. आपला चहाच ती २५ची हद्द ओलांडून उभा असतो, आणि अजून संत्रा बर्फीचा विषयसुद्धा निघालेला नाही.

एका दिवसात शून्यावर येऊ नये. टपरीवाल्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे, कडू लागतं. साखर गेली की पत्तीचा तुरटपणा उघडा पडतो, आणि आपल्याकडे पत्ती पार काळी होईस्तोवर उकळायची पद्धत. दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी करावा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चमचा तोच ठेवावा. घरात चमचे तीन मापांचे असतात, संकल्प तिथेच गळतो. पाणी उकळल्यावर ठेचलेलं अद्रक आधी घालून चांगलं शिजू द्यावं, कच्चं अद्रक दुधात गेलं तर दूध फाटू शकतं. मग पत्ती, दोन मिनिटं, मग दूध, एक उकळी, बंद. जोडीला वेलची किंवा गवती चहाची दोन पाती. वास भरला की जीभ साखरेबद्दल जरा कमी कुरकुरते.

गुळाचा चहा हा संकल्प नव्हे. गूळही बहुतांशी साखरच आहे, फक्त रंगानं सात्त्विक दिसतो. घालायचाच तर गॅस बंद केल्यावर घालावा, दुधात उकळला की फाटतं. गोळ्यांचा गोडवा घेणाऱ्यांनी पुडीवर काय आहे ते वाचावं. अस्पार्टेम असेल तर ती उकळत्या चहात टाकून उपयोग नाही, उष्णतेनं गोडी जाते, कपात ओतल्यावर टाकावी. वजनासाठी या गोळ्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच २०२३ मध्ये सांगितलं आहे.

टपरीवर नेम पाळायचा असेल तर नवा गंज, म्हणजे चहाचं पातेलं, चढत असताना हजर राहावं. तिथे पाणी, दूध, पत्ती, साखर, अद्रक एकत्रच उकळतं. बिनसाखरेचा म्हणजे वेगळं भांडं, वेगळा बर्नर, आणि मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली. साखर पडायच्या आधी एक कप काढून मिळतो, पण मागताना कारण सांगू नये. कुणी विचारलंच तर गुरुवारचं नाव घ्यावं. मंगळवारी गुरुवार कसा, हे विचारण्याइतकं धारिष्ट्य सकाळी सातला कुणाला नसतं.

मुळात १ जानेवारी ही नागपुरात काही सोडायची तारीखच नाही. रोमनांनी वर्ष इथून सुरू केलं ते त्यांच्या सोयीनं. इथे त्या आठवड्यात माणूस रजईतून हात काढायला तयार नसतो. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि त्या सकाळी आपण कुठे होतो हे नागपूरकर अजून न विचारता सांगतो. त्या थंडीत गोड चहा सोडायचा, पहाटे अंबाझरीला फिरायला जायचं, आणि पोह्यांवर तर्री घ्यायची नाही, हे सगळं एकाच दिवशी. यातलं फिरायला जाणं टिकण्याची आशा जास्त. स्वीडनमध्ये हजारावर लोकांचा वर्षभर पाठपुरावा केला (२०२०), त्यात "अमुक करीन" म्हणणारे ५८.९ टक्के यशस्वी ठरले आणि "अमुक टाळीन" म्हणणारे ४७.१. यश ज्याचं त्यानंच सांगायचं होतं, हे धरूनही फरक उरतो. तेव्हा "साखर सोडली" म्हणण्यापेक्षा "सकाळचा पहिला कप गवती चहाचा, कोरा" असं ठरवावं. गुढीपाडव्यापर्यंत थांबलात तरी कुणी दंड करत नाही.

नाही थांबलात तर १४ जानेवारीची तरतूद आधीच करावी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जो भेटेल तो तिळगूळ पुढे करतो आणि गोड बोलायची अट घालतो. नाही म्हटलं की भांडण आहे असं समजतात, किंवा शुगर किती निघाली ते विचारतात. एका दिवशी एक लाडू, हे यादीत "चालतं" या बाजूला लिहून टाकावं, म्हणजे तो खाडा धरायला नको. बाकीचे खिशात. पण शर्टाच्या खिशात नव्हे, दुपारच्या उन्हात पाक सुटतो आणि डाग निघत नाही. काटेरी हलवा त्या मानानं सोयीचा, दाणे सुटे राहतात, कागदाच्या पुडीत बांधता येतात. ती पुडी घरी गेल्यावर कोण खाणार, एवढं मात्र घरातून निघतानाच ठरवून ठेवावं.