शेवटी तोही खऱ्या राजाचाच निघाला

कुमारांसाठी लिहिलेली एक जाडजूड अद्भुत कादंबरी आज माझ्या भाचीने शेवटची काही पाने राहिली असतानाच मिटून माझ्या हाती दिली आणि एवढेच म्हणाली, "मामा, शेवटी तोही खऱ्या राजाचाच निघाला." दत्तक राजपुत्र, हरवलेला राजदंड, डोंगरदऱ्यांतून केलेला जिवावरचा प्रवास, सारे उत्तम जमून आलेले असताना लेखकाने अखेरीस त्याच्या खांद्यावर जन्मखूण दाखवली आणि दरबार त्या खुणेपुढे झुकला. मग त्या पोराने वाटेत दाखवलेली हिंमत कोणाच्या खाती जमा झाली?

माझ्या बहिणीने ही मुलगी दत्तक घेतली आहे. शिमग्यात राजापूरकडच्या त्यांच्या घरी ग्रामदेवतेची पालखी आली, तेव्हा नारळाचे ताट घेऊन ती पुढे झाली आणि भावकीतले एक वडीलधारे गृहस्थ सर्वांसमक्ष म्हणाले, "घरातल्या कुणाला तरी पाठवा." ताटातले तांदूळ सांडू लागले, इतका तिचा हात थरथरत होता.

इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी यानेही याहून वेगळे काय केले? त्याने १८४८ मध्ये दत्तक वारस नाकारून सातारा खालसा केला आणि १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या दामोदररावांचे दत्तकविधान नाकारून झाशी घेतली. त्याचे नाव काढताच आपले रक्त उसळते. आपल्याच अंगणात मात्र आपण गप्प उभे राहतो. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातून १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यांचे राजेपण कोणत्या जन्मखुणेवर तोलायचे?

संस्थानिकही दत्तक घेताना बहुधा नात्यागोत्यातलाच मुलगा पाहत, हे मान्य आहे. असो.

त्या दिवशी भाचीच्या आजीने, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंनी, कोणाशीही वाद न घालता ताट पुन्हा नातीच्याच हाती दिले आणि देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे घरच्यांसाठीची प्रार्थना, घालणाऱ्यांना तिचे नाव घ्यायला सांगितले. त्यांनी ते घेतलेही. त्या माउलीविषयी लिहिताना माझा राग निवळतो, हे खरे.

म्हणून तुमच्यापैकी जे मुलांसाठी लिहितात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कथानक हवे असेल तर कवळाण्याच्या गोपाळकडे पाहा. नाशिककडच्या खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, अक्षरांपासून राज्यकारभारापर्यंत सारे शिकला, १८८१ मध्ये त्याने कारभार हाती घेतला आणि सयाजीराव म्हणून पुढे १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. यात पाहिजे तेवढे राक्षस आणि मंतरलेल्या तलवारी घाला, माझी काहीच हरकत नाही. फक्त शेवटच्या प्रकरणात त्याच्या खांद्यावरचा अंगरखा उतरवू नका.