पद्मिनीला नवं इंजिन बसवायचंय? बसवाच!

भावांनो, घरी वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी असेल आणि ती चक्क चालू असेल, तर हे किती दिवस सहन करायचं ते आधी ठरवा. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक घोडे, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, सकाळी चोक ओढून थांबायचं, कसारा घाटात तापमानाचा काटा वर गेला की बोनेट उघडून इगतपुरीकडे बघत उभं राहायचं. वर तो इंजिनातल्या टॅपेटचा आवाज. आमच्या गाडीचा तर टक टक टक आणि मग उचकी, टक टक टक आणि उचकी, अण्णा गल्लीच्या तोंडाशी वळले की आई चहाचं आधण ठेवायची. २०-२५ वर्षं हेच.

माझी गाडी सिग्नलला बंद पडायची, एवढाच काय तो त्रास. पंचवटीतले एक म्हातारे मिस्त्री कान लावून म्हणाले, कंडेन्सर गेलाय, पॉइंटचा गॅप सेट करतो, कार्बोरेटर खोलून धुतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. अशा माणसांपासून लांबच राहा. संध्याकाळी गाडी परत मिळाली तर रविवारी मिसळ खाताना चार मित्रांना सांगणार काय?

इंजिन निवडताना मात्र अभ्यास दिसला पाहिजे. मारुती ८०० चं, स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, पद्मिनीचं गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं ढकलतं, त्यामुळे ते बाद. शहाणी माणसं अपघातात गेलेल्या जुन्या मारुती ईको व्हॅनचं उचलतात, लांबीत बसणारं, मागची चाकं फिरवणारं, ११९६ सीसी, सत्तरच्या वर घोडे. इंजिन खरंच चांगलं आहे हो, त्याची काही चूक नाही. फक्त ते जन्मभर सीटखाली राहिलंय आणि तुम्ही त्याला बोनेटखाली राहायला बोलावताय.

मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या आडव्या दांड्याला टेकतं. क्रॉस मेंबर कापा. गिअरची दांडी आता खालून येणार, पत्रा कापा. मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या जॉइंट शाफ्टची लांबी जुळत नाही, तो अंबड एमआयडीसीत लेथवर कापून जोडून आणा आणि बॅलन्सिंगचे पैसे वाचवा, साठच्या पुढे अख्खी गाडी थरथरायला लागते आणि कमरेला आराम पडतो. ब्रेकला हात लावू नका. चारी चाकांना ड्रम आहेत, चाळीस घोड्यांसाठी बनवलेले, पण आपण इंजिन पळायला बसवलंय, थांबायला थोडीच.

वायरिंग ही खरी मजा. पूर्वी एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर, बिघाड डोळ्यांना दिसायचा. आता ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीत इलेक्ट्रिक पंप, आणि माणसाच्या मनगटाएवढा वायरींचा जुडगा ज्यातल्या निम्म्या वायरी कुठे जातात ते फक्त अपघातात गेलेल्या त्या ईकोला माहीत. जॉइंट सोल्डर करत बसू नका, पीळ मारा, काळी टेप गुंडाळा, नाशिकच्या पावसाला काय कळतंय.

कागदपत्रांचं टेन्शन तर अजिबात नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. आधी, नंतर नाही. आरसीवर जुना इंजिन नंबर, बोनेटखाली नवा, आणि इन्शुरन्सवाला बोनेट उघडतो ते थेट क्लेमच्या दिवशी, तोपर्यंत सगळे मित्रच असतात. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. आमची १९७७ ची. जाऊ दे.

किती दिवस लागतात? इंजिन बसवणारा मिस्त्री पंधरा दिवस म्हणाला होता. दोन दिवाळ्या गेल्या. मधल्या काळात जुनं इंजिन पार्किंगमध्ये गोणपाटाखाली पडलं होतं, सोसायटीत कुरकुर सुरू झाली, म्हणून सिन्नरचा एक पोरगा आला त्याला भंगाराच्या भावात देऊन टाकलं. तुम्हीही देऊन टाका, जागा होते.

परवा नाशिकच्या द्वारका चौकात, भर संध्याकाळी, चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी गप्प. पुलाखाली बोनेट उघडून मी माझीच काळी टेप चाचपत होतो, एकेक वायर हलवून बघत होतो, मागून रिक्षावाले माझ्या घराण्याचा उद्धार करत होते. तेवढ्या गोंगाटात ऐकू आलं. टक टक टक आणि उचकी. मान वर केली तर एक क्रीम कलरची पद्मिनी, खिडकीतून सिन्नरचा तो पोरगा.

"दादा, दोरी आहे माझ्याकडं. ओढून नेऊ का?"