कोड दाबून टॅपिंग कळत नाही, लँडलाइनवर तर नाहीच

नोव्हेंबर जवळ आला की गल्लीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'सीमाभागातल्या मराठी माणसांचे फोन टॅप होतात. स्टार-हॅश-21-हॅश डायल करा, लगेच कळेल. घरच्या लँडलाइनवरही चालतं. स्टार-हॅश-62-हॅशवर अनोळखी नंबर दिसला तर कुणीतरी ऐकतंय. खरखर आली तर शंभर टक्के टॅपिंग. हॅश-हॅश-002-हॅश दाबा, सगळं बंद.' बेळगावापासून निपाणीपर्यंत शहाणीसुरती माणसं हे पुढे ढकलतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी 21. हा मोबाइल नेटवर्कचा कोड. तो एकच गोष्ट विचारतो: या नंबरवर येणारे सगळे कॉल दुसरीकडे वळवलेत का? आता बघा, कॉल वळवला तर तो तुमच्याकडे वाजतच नाही. चोरून ऐकणाऱ्याला तुम्हीच फोनवर बोलायला हवे असता. मग कॉल वळवून त्याला मिळणार काय?

62 म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो ते. तिथला अनोळखी नंबर बहुतेक वेळा कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा असतो. कणकुंबीकडून परत रेंजमध्ये आल्यावर 'तुम्हाला अमक्याचा कॉल आला होता' असा मेसेज येतो ना, तो त्या सोयीमुळेच.

लँडलाइनवर तर हे कोड लावणंच चुकीचं. जुना बटणांचा फोन उलटा करा, बुडाशी किंवा कडेला टोन-पल्स असं खटकं दिसेल. ते पल्सवर असेल तर 5 दाबल्यावर लाइन पाच वेळा तुटते-जुळते आणि एक्स्चेंज ते मोजतं. स्टार आणि हॅशला पल्सच नाही, त्यामुळे ते एक्स्चेंजपर्यंत पोचतच नाहीत. टोनवर ते पोचतात, पण त्यांचा अर्थ काय लावायचा हे एक्स्चेंज ठरवतं, मेसेज लिहिणारा नव्हे. लाइन तपासायचे खरे नंबर काही देशांत आहेत. ब्रिटनमध्ये 17070 लावला की तुमचाच नंबर वाचून दाखवतात, उलट रिंग देतात, खरखर ऐकता यावी म्हणून लाइन अगदी शांत करून देतात. टॅपिंगबद्दल तोही अवाक्षर काढत नाही.

राहिली खरखर. आपल्याकडचा, त्यातून खानापूर तालुक्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला यात टॅपिंग दिसू नये! डीपीत, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडायच्या पेटीत, किंवा खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं, तांब्यावर हिरवा थर चढतो, करंट जमिनीत गळतो आणि कानात खरखर किंवा घूंऽऽ सुरू होतं. दोन लाइनींच्या तारांचं आवरण गेलं तर शेजारच्याच्या गप्पाही अंधूक ऐकू येतात. ते ऐकून तर लोकांची खात्रीच पटते, पण चोरून ऐकणारा स्वतःचा आवाज कशाला ऐकवेल?

तपासायचंच असेल तर घरातले सगळे जादा फोन आणि मोडेम काढा. जिथे बाहेरची तार घरात येते त्या रोझेटला एकच चांगला फोन थेट जोडा. खरखर गेली तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा काढलेल्या यंत्राचा, राहिली तर बाहेरचा. मल्टिमीटर असेल तर डीसीवर लावा: रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण 48 व्होल्ट दिसतात, उचलल्यावर बरेच खाली येतात. एक जपा, रिंग येते तेव्हा त्याच तारेवर एसीचे 75 व्होल्ट किंवा जास्त असतात, उघड्या तारेला हात नको. दोष बाहेरचा निघाला तर बीएसएनएलच्या लाइनसाठी तक्रारीचा नंबर 198. फायबर घेतलेल्यांना यातलं बाहेरच्या तारेचं काही लागू नाही, त्यांच्याकडे बाहेरून तांबं येतच नाही.

टॅपिंग होतच नाही, असं मी म्हणत नाही. फोन टॅपिंगच्या प्रकरणावरून 1988 साली आपल्याच कर्नाटक राज्याचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पायउतार व्हावं लागलं. पण ते कुणी बटणं दाबून शोधलं नव्हतं, देशात मोबाइलच 1995 साली आला. सरकारी आदेशाने होणारं टॅपिंग टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेतूनच होतं, तुमच्या फोनवर त्याची खूण उमटत नाही.

म्हणूनच हॅश-हॅश-002-हॅशने टॅपिंग बंद होत नाही. बंद होतं ते कॉल वळवणं, आणि त्याबरोबर कंपनीचा मिस्ड कॉल अलर्टही. खरा धोका उलट्या कोडचा. 'तुमच्या सिममध्ये बिघाड आहे, स्टार-401 दाबून हा नंबर लावा' असं सांगणारे भामटे तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेत आणि ओटीपीचा कॉल त्यांच्याकडे जाई. म्हणून दूरसंचार खात्याने 15 एप्रिल 2024 पासून कोड दाबून कॉल वळवण्याची ही सोय कंपन्यांना थांबवायला लावली. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.