क्लायंट मोडमधला स्विचही सगळे व्हीलॅन उडवू शकतो

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या नेटवर्कवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "व्हीटीपी लावा, व्हीलॅन एकदाच बनवा, बाकी सगळं आपोआप. क्लायंट स्विच काही बिघडवत नाही. जुना स्विच कॉन्फिग पुसून बिनधास्त जोडा."

व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे. व्हीटीपी त्यांची यादी एका स्विचवरून बाकीच्यांवर नेतो: यादी सर्व्हर मोडमधल्या स्विचवर बदलायची, क्लायंट मोडमधल्यांनी ती नुसती घ्यायची. पण "सगळं आपोआप" जात नाही. व्हीटीपी व्हीलॅनचा नंबर आणि नाव पोचवतो. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, हे प्रत्येक स्विचवर आपणच सांगायचं. शिवाय तो सिस्कोचा स्वतःचा प्रोटोकॉल. पहिल्या दोन आवृत्त्या 1005 पर्यंतचेच व्हीलॅन नेतात.

क्लायंटचं वाक्य मात्र घातक आहे. या दोन आवृत्त्यांत व्हीटीपी सर्व्हर-क्लायंट बघत नाही, रिव्हिजन नंबर बघतो, म्हणजे यादी बदलली की वाढणारा आकडा. डोमेन (व्हीटीपीच्या गटाचं नाव) आणि पासवर्ड जुळला की मोठ्या नंबरवाल्याची यादी सगळे उचलतात, सर्व्हरसुद्धा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी हे भोगलंय. टेस्टिंगच्या टेबलावरचा जादाचा स्विच जोडला. आमचा रिव्हिजन 19, त्याचा 47. मिनिटभरात वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद, कॅमेरे बंद, ऑफिस बंद. 'शो व्हीलॅन' मारलं तर 10, 20, 30 गायब! घाबरून केबल उपसली, पण काही परत आलं नाही, कारण आमच्या सर्व्हरनं ती रिकामी यादी आपली म्हणून ठेवली होती. सर्व्हरवर एकेक व्हीलॅन हातानं बनवला, तेव्हा पोर्ट जागे झाले. बाहेर ट्रक उभे होते, आणि ड्रायव्हर मला विचारत होते, "साहेब, काटा कवा सुरू व्हतोय?"

आणि तो स्विच मी कॉन्फिग पुसूनच जोडला होता. स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह केलेली सेटिंग) पुसलं तरी फ्लॅशमधली 'व्हीलॅन डॉट डॅट' फाइल तशीच राहते. डोमेन, पासवर्ड, रिव्हिजन सगळं तिच्यातच. पासवर्डनं वाचू असं म्हणाल, तर घरच्याच स्विचला घरचा पासवर्ड ठाऊक असतो.

म्हणून जोडण्याआधी तो स्विच ट्रान्सपरंट मोडमध्ये टाका, म्हणजे दुसऱ्याची यादी न उचलता स्वतःचीच ठेवणाऱ्या मोडमध्ये. रिव्हिजन शून्य होतो. 'शो व्हीटीपी स्टेटस'मध्ये शून्य डोळ्यांनी बघा, मगच ट्रंकची (दोन स्विचमध्ये सगळे व्हीलॅन नेणारी) केबल लावा. व्हीटीपी हवाच असेल तर तिसरी आवृत्ती घ्या. तिच्यात बदल फक्त प्रायमरी सर्व्हर करतो, आणि 4094 पर्यंतचे व्हीलॅन चालतात.

मी आता सगळे स्विच ट्रान्सपरंट ठेवतो. व्हीलॅनची यादी एका फाइलमध्ये, तिथून ऑटोमेशन टूल अ‍ॅन्सिबलनं प्रत्येक स्विचवर. तो मेसेज पुढं ढकलण्याआधी आपल्या जादाच्या स्विचचा रिव्हिजन नंबर तेवढा बघून घ्या.