फिफ्थ व्हील बघायला जुलैत जा, दुपारी चार वाजता

गेल्या आठवड्यात इथल्याच, अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या एका मराठी जोडप्याचा फोन आला. दोघंही तिशीतले. त्याचं काम बांधकामाच्या साइटवरचं, वर्ष-दीड वर्षाला गाव बदलणारं. दरवेळी नवं भाड्याचं घर आणि सामानाची बांधाबांध याला कंटाळून त्यांनी ठरवलंय की फिफ्थ व्हील घ्यायचं आणि बारा महिने त्यातच राहायचं. फोटो पाठवले होते: बेचाळीस फुटी, चार स्लाइड, स्वयंपाकघरात मधोमध मोठा ओटा, टीव्हीखाली विजेवरची शेकोटी, बाहेरून काळाकुळकुळीत रंग. "ताई, कसं वाटतं?" मी तासभर बोलले. तरी बरंच सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहितेय.

तिकडच्या, भारतातल्या मंडळींसाठी आधी एवढंच सांगते की फिफ्थ व्हील म्हणजे ओढून न्यायचं घर, एक मोठा ट्रेलर. त्याचा पुढचा भाग उंच असतो आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतो. झोपायची खोली बहुधा त्या उंच भागात. अशी घरं उभी करायच्या पार्कमध्ये पोचलं की स्लाइड, म्हणजे खोलीचे सरकते भाग, बाहेर काढायचे. वीज-पाणी जोडलं की घर तयार.

आम्ही आमचं पहिलं २०२३च्या जानेवारीत घेतलं. जानेवारीत फिनिक्सची हवा आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या हवेसारखी असते. विक्रेत्याच्या आवारात एकामागून एक घरं बघताना आम्ही कपाटं बघितली, गादी बघितली, ओव्हन बघितला. छप्पर बघितलं नाही. भिंतीवर हात ठेवून बघितला नाही. दारावर 'चारही ऋतूंसाठी' अशी पट्टी होती, तेवढ्यावर विश्वास ठेवला. ती पट्टी मुख्यतः थंडीसाठी असते, टाक्या आणि नळ गोठू नयेत म्हणून, हे मला जुलैत कळलं.

आणि तो जुलै कोणता होता, तर ३० जून ते ३० जुलै २०२३, सलग ३१ दिवस फिनिक्सचं कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या खाली आलं नाही. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्यात येतं त्या जिल्ह्यात, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. माझे आई-बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला होते. अकोल्याची माणसं, वैशाखातलं ऊन जन्मभर काढलेलं. दुपारी एसी पूर्ण जोरात चालू असताना घरात ३४ अंश. आई एकदा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली होती, म्हणाली, "आपल्या अकोल्याच्या घराले निदान भिंती तरी हायेत वं."

आईचं ते वाक्य मी आजही मापासारखं वापरते. अकोल्याचं आमचं जुनं घर धाब्याचं. भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाड, वर मातीचा थर. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. ट्रेलरची भिंत दोन ते तीन इंचांची. त्यात फोम आणि मध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा सांगाडा. संध्याकाळी आतून भिंतीवर तळहात फिरवला तर सांगाडा नेमका कुठे आहे ते हाताला कळतं, इतका तो तापलेला असतो.

आम्ही एसी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत थर्मामीटर धरला आणि म्हणाला, एसी उत्तम चालतोय. मला तेव्हा राग आला, पण त्याचं बरोबर होतं. छपरावरचा एसी आत ओढलेली हवा साधारण नऊ ते बारा अंशांनी गार करून सोडतो, तेवढंच त्याचं काम. आमचा एसी ते करत होता. पण तो जेवढी उष्णता बाहेर काढत होता, तेवढीच भिंतीतून, एकपदरी काचांतून, स्लाइडच्या फटींतून पुन्हा आत येत होती. दोष घराचा होता. पंधरा हजार बीटीयूचा मोठा वाटणारा एसी आपल्या भाषेत सव्वा टनाचा. त्या एकट्याने ३५ फुटी पत्र्याचं घर, बाहेर ४५ अंश असताना, कसं गार करायचं?

दुसरा एसी बसवू म्हटलं तर वीज पुरेना, कारण आमची जोडणी ३० अँपिअरची. हे फार नीट समजून घ्या. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टची एकच लाइन, ३,६०० वॅट. ५० अँपिअर म्हणजे तशा दोन लाइनी, प्रत्येकी ५० अँपिअरच्या, मिळून १२,००० वॅट. आकडे ऐकून फरक दीडपट-पावणेदोनपट वाटतो, प्रत्यक्षात तो तिपटीहून जास्त आहे. उष्ण प्रदेशात बारा महिने राहणाऱ्याने ३० अँपिअरचं घर घेऊच नये, या मतावर मी ठाम आहे. ५० अँपिअर आणि किमान दोन एसी. एक दिवस एक बिघडला तरी झोपायची खोली थंड राहते, आणि तो दिवस येतोच. शिवाय दुपारी पार्कमधले सगळे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर जळू शकतो. व्होल्टेज खाली गेलं की वीज तोडणारं संरक्षक यंत्र पहिल्या दिवसापासून लावा.

फ्रिजचं सांगताना अजून अंगावर काटा येतो. आमचा गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा, जुन्या पद्धतीचा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. तो आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, आणि बाहेरच भट्टी असली की थकतो. बाबांचं इन्सुलिन त्यात होतं. दोन ते आठ अंशांत ठेवायचं औषध, आणि एका दुपारी आत ११ अंश. शेजारच्या ट्रेलरमधल्या आजींनी आपल्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून दिला, पुढचे दोन महिने. त्यांचा फ्रिज कॉम्प्रेसरवाला होता. तुम्हीही तोच घ्या.

कूलरचं काय, असं वऱ्हाडातला माणूस विचारणारच. मे-जूनमध्ये इथली हवा कोरडी असते, कूलर छान चालतो. पण ॲरिझोनालाही पावसाळा आहे. पाऊस थोडा, दमटपणा पुरेसा. नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये कूलर नुसता चिकचिकाट करतो.

नोव्हेंबरात आम्ही ते घर तोट्यात विकलं आणि दुसरं घेतलं. ३४ फुटी, पांढरं, दोनच स्लाइड, दुपदरी काचा, दोन एसी. घेतल्यावर पहिलं काम म्हणजे एसीचं आतलं झाकण काढून गार हवेच्या वाटेतल्या फटी फॉइलच्या टेपने बुजवल्या. निम्मी गार हवा छपरातच हरवत होती असं तेव्हा वाटलं. पार्कमध्ये जागा घेताना लांबी पूर्व-पश्चिम राहील अशी मागतो, तोंड पश्चिमेला. मग उतरत्या उन्हासमोर फक्त पुढची अरुंद बाजू येते आणि दाराकडची बाजू, तिच्यावरच्या कापडी मांडवासकट, उत्तरेच्या सावलीत. २०२४ त्याहून कडक गेलं, सलग ११३ दिवस १०० फॅरनहाइट किंवा त्याहून वर. आमच्या घरात दुपारी २६-२७ अंश होते. मुलीचा अभ्यास व्हायचा, पोळ्या व्हायच्या.

ट्रकबद्दल थोडक्यात. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकच्या हौद्यावर येतो. १४,००० पौंडांचं घर म्हणजे २,८०० ते ३,५०० पौंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर त्या ट्रकची वजन पेलायची क्षमता छापलेली असते. ती वाचा, आणि त्यात माणसं आणि हौद्यातल्या जोडणीचंही वजन धरा. टायरवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. इथलं ऊन टायर उभ्या जागी म्हातारे करतं, म्हणून पार्कमध्ये त्यांच्यावर झाकणं घालतो. आणि वॉरंटी बारीक अक्षरांसकट वाचा. कायम राहण्यासाठी वापरल्यास लागू नाही, असं बऱ्याच कंपन्या त्यात लिहितात.

त्या जोडप्याला मी सांगितलं, सही करू नका. जुलैत, दुपारी चार वाजता, सकाळपासून उन्हात उभं असलेलं तेच घर बघू. विक्रेत्याला एसी लावायला सांगू आणि आत तासभर बसू. मी थर्मामीटर घेऊन येते, आणि आईलाही. ती यंदा पुन्हा आलीय.