आधी फुंकर, मग संशय

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरला पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. तेव्हापासून दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे अपघात झाला की महाराष्ट्रात एकच मागणी होते: शिक्षा वाढवा. सिडनीतून ही चर्चा वाचताना तळमळ होते, कारण शिक्षा कमी पडतेय असं मला वाटतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. इथे न्यू साउथ वेल्समध्ये पक्का परवाना असलेल्याची मर्यादा ५० आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सैल.

खरी अडचण कलम २०३ मध्ये आहे. दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तरच पोलिसाला श्वासचाचणी मागता येते. हवालदाराने आधी खिडकीशी वाकून वास घ्यायचा, मग यंत्र पुढे करायचं. रोज पिणारा दोन वाक्यं नीट बोलतो आणि सुटतो. शिवाय कुणावर संशय घ्यायचा हे पोलिसाच्या मर्जीवर राहतं, तिथेच तोडपाणीला जागा मिळते. इथे १७ डिसेंबर १९८२ पासून संशयाची अट नाही. थांबवलेला प्रत्येक चालक फुंकर मारतो. इथल्या राज्यातले रस्ते अपघातांतले मृत्यू १९८२ मध्ये साडेबाराशेच्या आसपास होते, पुढच्याच वर्षी ते हजाराच्या खाली आले.

अर्थात नाकाबंदी कशी लावतात यावर बरंच अवलंबून आहे. शेवटचा फाटा ओलांडल्यावर, वळणापलीकडे ती हवी, आणि मागे वळणाऱ्यांसाठी आधीच्या गल्लीत मोटरसायकलवर पोलिस हवेत. एकाच पुलाखाली रात्रभर थांबलं तर अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर पत्ता फिरतो, म्हणून जागा बदलत राहायची. सकाळीही तपासायचं. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. रात्री एकला १२० असलेला माणूस सकाळी सातला जेमतेम ३० वर येतो, आणि तोवर शाळेच्या बसगाड्या रस्त्यावर आलेल्या असतात.

यंत्राचंही तसंच. दर माणसाला नवी नळी, आणि फुंकर लांब, एकसारखी हवी. तोकड्या फुंकरीत फुप्फुसातली खोलवरची हवा येत नाही. नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉश वापरला असेल तर तोंडातल्या अल्कोहोलने आकडा फुगतो. अशा वेळी पंधरा मिनिटं काहीही तोंडात न घालता थांबवून पुन्हा चाचणी. कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राचं माप अचूक असल्याच्या तपासणीची, मुदत उलटलेली असेल तर वकील पहिला घाव तिथेच घालतो.

चाचणीनंतरची साखळी तर आणखी कच्ची. कलम २०२ खाली अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. मग रुग्णालय, बाटली, सील. पुण्याच्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, ती याच टप्प्यावर. इथे रस्त्यावरच्या चाचणीत कुणी सापडला की ठाण्यात किंवा पोलिसांच्या बसमध्ये मोठ्या यंत्रावर दुसरी फुंकर घेतात. त्या यंत्राचा निकाल हाच कोर्टातला पुरावा. रक्त मुख्यतः जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांचं घेतात.

मोटार वाहनं हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, विषय आहे. कलम २०३ मधली संशयाची अट काढणारी दुरुस्ती महाराष्ट्र विधिमंडळ करू शकतं, त्याला राष्ट्रपतींची संमती लागेल. पुढच्या अपघातानंतर शिक्षावाढीचं निवेदन घेऊन आमदाराकडे जाणाऱ्यांनी त्यात हा कलमाचा आकडा लिहावा.