गिट शिकून काय दिवे लावणार?

गिट, म्हणजे फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकायच्या भानगडीत पडूच नका. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिनक्सच्या कोडसाठी लिहिलं, तिथे जगभरची माणसं एकाच कोडवर काम करतात. आपण तिघं. आपल्याला 'हिशोब_फायनल' आणि 'हिशोब_फायनल_खरंच' पुरे.

शिकायचंच असेल, तर प्रत्येक कमिटचा, म्हणजे बदलांच्या नोंदीचा, मेसेज 'चेंजेस' एवढाच टाका. हापूसच्या पेटीवर तरी किती डझन, कोणाच्या बागेतला हे कोण लिहितं? वाशीला उघडून बघतील की.

ब्रँच, म्हणजे मूळ कामाला फुटलेली वेगळी फांदी? कलमाला आहेत तेवढ्या बस्स.

पासवर्डची फाइल आठवणीने कमिट करा. नंतर काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये राहतेच, हरवायची भीती नाही.

आणि पुश (आपलं काम सर्व्हरवर ढकलणं) अडला की सरळ फोर्स पुश मारा, सर्व्हरवरचं पुसून आपलंच बसतं. आमच्या पार्टनरने गेल्या आठवड्यात तेच केलं. पावसात भिजलेला माझा लॅपटॉप कुडाळला दुरुस्तीला पडलाय. तो बंद पडायच्या आधी, घरात रेंज नाही म्हणून रोज सड्यावर जाऊन, एका हातात छत्री धरून मी तीन दिवसांचं काम सर्व्हरवर ढकललं होतं. निर्धास्त होतो. ह्याने माझं काम पुल न करताच, म्हणजे आधी स्वतःकडे ओढून न घेताच, स्वतःचं पुश करायला घेतलं. गिटने अडवलं. मग ह्याने कुठूनतरी फोर्स शोधून काढला आणि माझ्या कमिटवरून बुलडोझर फिरवला. वर मला फोन, "दादा, झाला एकदाचा पुश!"

तिसऱ्याने मध्येच एकदा फेच केलं होतं, सर्व्हरवरचं काम स्वतःकडे उतरवलं होतं, म्हणून त्याच्या कॉपीत दोन दिवसांचं काम सापडलं. पेटीभाड्याचा हिशोब तिसऱ्या दिवशीचा. तो गेला.

अरे मेल्या, वाचूक येता मा तुका? स्क्रीनवर 'रिजेक्टेड' लिहून येतं, तुझ्याकडे नसलेलं काम सर्व्हरवर आहे म्हणून सांगतं, आधी पुल कर असंही खाली सुचवतं. चार ओळी! तेवढ्या वाचायला काय मुहूर्त लागतो? आणि फोर्स मारायचाच होता तर 'फोर्स विथ लीज' मारायचा होतास, दुसऱ्याचं नवीन काम दिसलं तर तो थांबतो. नाहीतर मला विचारायचं, फोन तर दिवसातून दहा वेळा करतोस.

आता पुन्हा विचारतोय, "दादा, सगळं डिलीट करून नव्याने टाकू काय?"

हात लावू नकोस. लॅपटॉप येईपर्यंत कशालाच हात लावू नकोस.